ह्युसाँच्या बाटलीतला कंद

१८१० साली लंडनमध्ये एडविन गॉडेन जोन्स या डॉक्टरांचे एक पुस्तक निघाले. विषय एकच होता: फ्रान्सहून येणाऱ्या एका बाटलीबंद औषधाने गाउटच्या रोग्यांना पडणारा विलक्षण उतार. औषधाचे नाव ‘ओ मेदिसिनाल द ह्युसाँ’, म्हणजे ह्युसाँचे औषधी पाणी. ह्युसाँ हा फ्रेंच लष्करातला अधिकारी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने हे पाणी विकायला काढले आणि आत काय घातले आहे ते कुणालाही कळू दिले नाही.

गाउटचा झटका ज्याने घरात पाहिला आहे, त्याला या पाण्याची एवढी मागणी का झाली हे सांगावे लागणार नाही. रात्रीतून पायाचा अंगठा सुजून लालबुंद होतो आणि पांघरुणाची कड लागली तरी माणूस कळवळतो. हे दुखणे दिवसच्या दिवस चाले, आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडे त्यावर फारसे काही नव्हते. सतराव्या शतकातला नामांकित वैद्य थॉमस सिडनहॅम स्वतः याच रोगाने गांजलेला. १६८३ साली त्याने गाउटवर जो ग्रंथ लिहिला, त्यात झटक्यात जुलाब देण्याला त्याचा ठाम विरोध आहे, आणि तिथल्या वैद्यांवर त्याच्या शब्दाचे वजन शंभर वर्षांनंतरही होते. आता इथे उलटेच दिसू लागले. निनावी औषधाचे काही थेंब पोटात गेले की रोग्याला मळमळे, घाम सुटे, सपाटून जुलाब होत, आणि एक-दोन दिवसांत तो आपल्या पायाने चालू लागे. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स गाउटने जवळजवळ जखडले होते. त्यांनीही हे पाणी घेतले आणि त्यांना गुण आला.

तेव्हापासूनच्या कागदपत्रांत मला एका प्रश्नाचा माग काढावासा वाटतो. दुखणे जुलाबामुळे थांबत होते, की थांबायचे ते थांबतच होते आणि जुलाब हा अंगात भिनणाऱ्या विषाचा इशारा होता? औषधाची मात्रा किती असावी, हे सगळे या उत्तरावर अवलंबून होते. आणि ते उत्तर पक्के व्हायला २०१० साल उजाडले.

बाटलीत काय आहे याचे तर्क लगेच सुरू झाले. जेम्स मूर या शल्यवैद्याने १८११ मध्ये जोन्स यांना उद्देशून लिहिलेली दोन पत्रे छापली. त्याच्या मते हे पाणी म्हणजे वाइनमध्ये मुरवलेले पांढऱ्या हेलेबोरचे मूळ आणि अफूचा अर्क यांचे मिश्रण होते. परिणाम सारखे, म्हणून द्रव्यही तेच, असा त्याचा हिशेब. तो चुकला, पण त्याची चूक वेडगळ नव्हती. पुढे दोन निष्णात रसायनशास्त्रज्ञही याच जागी घसरले.

लंडनच्या नॉर्दर्न डिस्पेन्सरीतला शल्यवैद्य जॉन वाँट याने मात्र जुने ग्रंथ उघडले. सहाव्या शतकातला ग्रीक वैद्य अलेक्झांडर याच्या ग्रंथात गाउटवर ‘हर्मोडॅक्टिल’ नावाचा कंद सांगितला आहे. हा अलेक्झांडर आशिया मायनरमधल्या ट्रॅलीस गावचा. कॉन्स्टँटिनोपलचे आया सोफिया ज्याने उभारले त्या अँथेमियसचा भाऊ. हर्मोडॅक्टिल घेतल्यावर वेदना चटकन थांबतात, पोट साफ होते आणि रोगी लगेच चालू पाहतो, असे त्याने नोंदले आहे. त्यासोबतच हे औषध जठराला बाधते, रोग्याला दुबळे करते, म्हणून त्यात जिरे, सुंठ यांसारखी द्रव्ये घालावीत असेही त्याने बजावले आहे. वाँटने हे वर्णन ह्युसाँच्या पाण्याच्या परिणामांशी ताडून पाहिले, हर्मोडॅक्टिलच्या कुळातला जो कंद युरोपात सहज मिळत होता तो घेतला, आणि १८१४ मध्ये ‘मेडिकल अँड फिजिकल जर्नल’मध्ये जाहीर केले की ह्युसाँच्या बाटलीत कॉल्चिकम ऑटम्नेल आहे.

ही वनस्पती युरोपातल्या ओलसर कुरणांत उगवते. वसंतात तिला रुंद, गुळगुळीत पाने येतात आणि उन्हाळ्यात ती वाळून जातात. मग शरदात एकही पान नसताना जमिनीतून थेट फिकट जांभळी फुले वर येतात. खाली असतो तपकिरी पापुद्र्यांचा, एका अंगाने चपटा आणि आतून पांढराशुभ्र कंद. तो कापला की रस निघतो, आणि तो रस तिखट, जहाल असतो.

हा कंद लंडनच्या औषधविक्यांना नवा नव्हता, ही या कागदपत्रांतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’त त्याचा सगळा प्रवास दिला आहे. १६१८ च्या पहिल्या लंडन फार्माकोपियात तो होता, १६५० च्या आवृत्तीतून तो काढला गेला, आणि १७८८ मध्ये परत आला. म्हणजे लोक ह्युसाँच्या गुप्त पाण्यासाठी पैसे मोजत होते तेव्हा तेच द्रव्य शेजारच्या दुकानात, अधिकृत यादीतल्या नावाने, ठेवलेले होते. पण ते होते अंगावरच्या सुजेसाठी आणि जलोदरासाठी. गाउटशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

१७८८ ची ही पुनर्स्थापना घडवली व्हिएन्नाच्या आंतोन फोन श्ट्योर्कने. विषारी म्हणून टाकून दिलेल्या वनस्पती एकेक करून तपासायच्या, हे त्याचे आयुष्याचे काम. हेमलॉक, धोतरा, बचनाग झाल्यावर १७६३ मध्ये त्याने कॉल्चिकमवर पुस्तिका काढली. तिचे लांबलचक लॅटिन शीर्षकच सांगते की हे मूळ माणसाला निर्धोकपणे देता येते. आतली पाने वाचली की हा निर्धोकपणा किती कष्टाने मिळवला ते कळते. ताजा कंद चिरताना त्यातून उडणाऱ्या तिखट अंशाने नाक, घसा आणि छाती चुरचुरली. कंद धरलेल्या बोटांची टोके हळूहळू बधिर झाली. तुकडा जिभेच्या टोकावर घासला तर जीभ ताठ होऊन तिची संवेदना गेली. अगदी थोडा गिळून पाहिला तेव्हा पोटात कळा आल्या. त्यानंतर श्ट्योर्कने कंद व्हिनेगरमध्ये मुरवला, त्यात मध घालून ऑक्सिमेल केले, आधी अगदी कमी दिले, मग बेताबेताने वाढवत गेला. प्रयोग आधी स्वतःवर, मग रोग्यावर. आजच्या कसोट्या त्याला लावता येणार नाहीत, पण मात्रा वाढवताना थांबायचे कुठे हे पाहण्याची शिस्त त्याच्याकडे होती. ह्युसाँच्या बाटलीने नेमकी तीच काढून टाकली होती. बाटलीवर द्रव्याचे नाव नसल्यामुळे त्या द्रव्याबद्दल आधी लिहून ठेवलेला एकही इशारा घेणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता.

इशारे तर फार जुने होते. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने कॉल्चिकमची नोंद औषध म्हणून केलेलीच नाही. खाल्ल्यास हा कंद विषारी अळंब्यांसारखा गुदमरवून मारतो, पण चवीला बरा लागत असल्यामुळे अजाण माणूस खाण्याचा कंद समजून तो खातो. अशी फसगत होऊ नये म्हणून मी हे लिहितो, असा त्याच्या नोंदीचा आशय आहे. उतारा म्हणून त्याने गाईचे दूध सांगितले आहे. पुष्कळ आधुनिक लेखांत या औषधाचा इतिहास इजिप्तच्या एबर्स पपायरसपासून सुरू केलेला आढळतो. त्या पपायरसातल्या कितीतरी वनस्पतींची ओळख आजही वादात आहे, म्हणून मी तिथून सुरुवात करत नाही. ज्यावर पाय रोवता येतो असा पहिला पुरावा डायोस्कोरिडीसचा आहे, आणि तो विषाचा आहे. अलेक्झांडरचा पुरावा त्यानंतर पाच शतकांनी येतो आणि तो औषधाचा आहे. दोघांनी कंदाला दिलेली नावे वेगळी, म्हणून दोन्ही नोंदी हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकींना न भेटता नकलल्या गेल्या.

वाँटनंतर एव्हरार्ड होम पुढे आला. बँक्स यांच्या निकटच्या वर्तुळातला हा शल्यवैद्य. १८१६ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला, त्यात कॉल्चिकम कुत्र्याच्या शिरेत टोचून पाहिल्याचे प्रयोग आहेत. द्रव्य जठरात गेलेच नव्हते, तरीही जठर आणि आतडी दाहाने लाल झालेली निघाली. वाचायला क्रूर वाटते, आणि ते क्रूर होतेच. पण त्यातून एक मोठी गोष्ट कळली: हे द्रव्य आतड्याला नुसते वरून झोंबत नाही, रक्तातून येऊन आतड्याला गाठते. म्हणजे अलेक्झांडरच्या जिऱ्या-सुंठीने या बाधेचे मूळ निघण्याजोगे नव्हते.

पुढच्याच वर्षी होमने दुसरा निबंध वाचला. कॉल्चिकम मुरवलेली वाइन ठेवली की तळाशी गाळ बसतो. पोटाला बाधतो तो हा गाळ, आणि वरची नितळ वाइन गाउट बरा करते पण आतड्याला त्रास देत नाही, असा त्याचा दावा होता. गाळाची ही उपपत्ती टिकली नाही. तरी या निबंधाला मी फार किंमत देतो. जुलाब झाल्याशिवाय गुण येत नाही, शरीरातला दोष बाहेर पडला तरच दुखणे हटते, ही समजूत ग्रीकांपासून चालत आलेली. ती ओलांडून, जुलाबाविना गुण येऊ शकतो हे १८१७ मध्ये कुणीतरी उघडपणे मांडले. कारण चुकीचे होते, पण दिशा अचूक होती.

ती कुणी धरली नाही. लक्ष वळले रसायनाकडे. क्विनाइन शोधणारे पेल्तिए आणि कावाँतू यांनी १८२० मध्ये कंदातून एक अल्कधर्मी द्रव्य वेगळे काढले आणि ते पांढऱ्या हेलेबोरमधले व्हेराट्रिनच आहे असे मानले. मूरचीच चूक, या वेळी प्रयोगशाळेत. १८३३ मध्ये गायगरने ते निराळे आहे हे दाखवून त्याला कॉल्चिसिन हे नाव दिले. १८८४ मध्ये हूदेने त्याचे स्फटिक मिळवले, आणि मग मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या गोळ्या शक्य झाल्या. मात्रा आता नेमकी मोजता येत होती. पण ती द्यायची कुठवर, याचा नियम जुनाच राहिला. विसाव्या शतकातही दर तासाला गोळी द्या, वेदना थांबेपर्यंत किंवा उलटी-जुलाब सुरू होईपर्यंत देत राहा, अशी रीत होती. अलेक्झांडरचा जुलाब गोळीच्या पाठोपाठ इथवर आला होता.

आता मुंबई. युरोपात हे चालू असताना या कंदाचे दुसरे कूळ इराणच्या आखातातून जहाजाने मुंबईच्या बाजारात येत होते. सुरंजान. अरबी-फारसी वैद्यकात सांधेदुखीवरचे हे मोठे औषध. इब्न सिनाच्या ‘कानून’मध्ये ते आहे, आणि पांढरा कंद चांगला, तांबडा-काळा घातक ही ताकीदही आहे. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’चे तीन खंड काढले. त्यात सुरंजान-ए-शिरीन आणि सुरंजान-ए-तल्ख, म्हणजे गोडा आणि कडू, असे बाजारातले दोन प्रकार नोंदले आहेत. गोडा मोठा, पांढरट, पिठूळ, जवळजवळ बेचव. कडू लहान, त्यावर जाळीसारखी नक्षी. हकीम गोडा पोटात देत आणि कडू फक्त बाहेरून लेपाला वापरत. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ याने १८५६ मध्ये बाजारातल्या गोड्या हर्मोडॅक्टिलचे मूळ कॉल्चिकम व्हेरिगॅटम हे ठरवले होते, आणि असा वाळका कंद फारसा काही करत नाही असे युरोपातल्या औषधशास्त्रज्ञांचे मत होते.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हकिमांनी कडू पोटात न देण्याची जी वाटणी केली, ती माणसे दगावू नयेत म्हणून केली, आणि ती फळाला आली असणार. पण तिच्यामुळे पोटात जाणारे औषध बरेचसे निष्प्रभ आणि प्रभावी कंद लेपात, अशी अवस्था झाली. आजही माजून सुरंजान हे हकिमी औषध सांधेदुखीसाठी विकले जाते. त्यातला कंद कोणत्या जातीचा आणि त्यात कॉल्चिसिन किती, हे प्रत्येक बरणीत तपासल्याशिवाय सांगता येत नाही. काश्मीरकडचा पिवळ्या फुलांचा कॉल्चिकम ल्युटियम हा कडू सुरंजानच्या नावाने येतो, आणि त्यात कॉल्चिसिन असते.

‘फार्माकोग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात आणखी एक वनस्पती आहे, आपल्या ओळखीची. कळलावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कुंपणावर चढून बसते, पाकळ्या ज्वाळेसारख्या उलट्या वळतात, पानाचे टोक वेलीच्या ताणासारखे गुंडाळते. जमिनीत तिचा नांगराच्या आकाराचा कंद असतो. आयुर्वेदात ती लांगली, उपविषांत मोजलेली. वापरण्यापूर्वी गोमूत्रात शोधन सांगितलेली. प्रसूतीच्या कळा लवकर याव्यात म्हणून कंदाचा लेप लावत, त्यावरूनच नाव पडले. खड्यानाग हे तिचे दुसरे नाव.

कलकत्ता मेडिकल कॉलेजचे रसायनाचे प्राध्यापक वॉर्डन यांनी या कंदातून एक कडू विष वेगळे केले होते. त्याला त्यांनी सुपर्बिन म्हटले आणि ते रानकांद्यातल्या कडू द्रव्याच्या जवळचे असावे असा अंदाज केला. मद्रासचे मुदीन शेरीफ यांनी लहान मात्रेत कंद वापरून पाहिला आणि तो समजतात तेवढा विषारी नाही असे लिहिले. दोघेही कसून काम करणारे. आणि एकाच खंडात, एकाच लिली कुळात, काही पानांच्या अंतरावर सुरंजान आणि कळलावी नोंदले गेले. दोन्हींत एकच विष आहे हे त्या तिघा ग्रंथकारांपैकी कुणाच्या ध्यानात आले नाही. १९१५ मध्ये क्लूअर, ग्रीन आणि ट्यूटिन यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत कळलावीच्या कंदातून कॉल्चिसिन काढून दाखवले. मुदीन शेरीफ यांच्या अनुभवावर विसंबून कुणी कळलावी पोटात घेऊ नये. कंदातले विषाचे प्रमाण सारखे नसते, आणि श्रीलंकेत व दक्षिण भारतात रताळे किंवा खाण्याचा कंद समजून ती खाल्ल्याने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डायोस्कोरिडीसने जी फसगत सांगितली, तीच.

हे विष कसे काम करते ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून सूक्ष्म नलिका बनतात. पेशीचे विभाजन आणि हालचाल त्यांच्यावर चालते. कॉल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटते आणि नलिका बनू देत नाही. सांध्यातल्या यूरिक आम्लाच्या खड्यांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे थंडावतात आणि दाह ओसरतो. मात्रा वाढली की सतत विभागणाऱ्या पेशी मार खातात: आधी आतड्याचे अस्तर, म्हणून उलट्या-जुलाब, मग अस्थिमज्जा, म्हणून रक्तपेशी घटणे, वाचलेल्या रोग्याचे पुढे केस गळतात. पोटाची लक्षणे काही तासांनी सुरू होतात. तोवर माणसाला वाटते, औषध लागू पडले नाही, आणखी घ्यावे. त्यातच घात होतो. कारण सहज मिळेल असा उतारा या विषाला नाही.

प्रश्नाचे उत्तर आले ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून. गाउटच्या १८४ रोग्यांत तीन गट केले होते. एकाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, म्हणजे जुनी रीत. दुसऱ्याला तासाभरात मिळून फक्त १.८ मिलिग्रॅम. तिसऱ्याला नकली गोळी. वेदना निम्म्याने उतरलेले रोगी मोठ्या मात्रेत ३२.७ टक्के, लहान मात्रेत ३७.८ टक्के, नकली गोळीत १५.५ टक्के. जुलाब मात्र मोठ्या मात्रेत ७६.९ टक्के रोग्यांना आणि लहान मात्रेत २३ टक्क्यांना. गुण आणण्यासाठी जुलाबाची गरजच नव्हती. होमचे म्हणणे १९३ वर्षांनी खरे ठरले, गाळाशिवाय.

आज सुरंजान किंवा कळलावी असलेले औषध घेणाऱ्यांना जी गोष्ट माहीत हवी, ती या चाचणीच्या आसपासच्याच कागदांत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये कॉल्चिसिनच्या गोळीला रीतसर मान्यता देताना मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ११७ मृत्यू मात्रा न ओलांडलेल्या रोग्यांचे होते, आणि त्यांपैकी ६० जण क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही घेत होते. हे प्रतिजैविक कॉल्चिसिन शरीराबाहेर टाकण्याची वाट अडवते, आणि नेहमीची मात्रा साचत जाऊन विषारी होते. मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असले तरी तेच घडते, आणि गाउटच्या कितीतरी रोग्यांचे मूत्रपिंड आधीच दुबळे असते. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ‘ई-१’मध्ये लांगली विषारी द्रव्यांत आहे, ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. कफ झाला म्हणून डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देतात, तेव्हा घरी सांध्यांसाठी माजून चालू आहे हे रोग्याने सांगितले नाही तर त्यांना ते समजण्याचा दुसरा मार्ग नसतो. ते सांगावे, आणि जमले तर बरणीच बरोबर न्यावी.